पाळीव पोपटाचा दिवस

तंजावरचा परिसर हे कावेरीच्या त्रिभुज प्रदेशातील भाताचे कोठार समजले जाते. जून महिन्यात मेट्टूर धरणाचे पाणी कालव्यांत सुटले की कुरुवै हंगामाचे भात लावतात; सांबा हंगामाचे भात त्यामागून येते आणि पोंगलच्या सुमारास कापणीला तयार होते. लोंब्यांत दूध भरू लागले की हिरव्या पोपटांचे थवे शेतांवर उतरतात. पोपट लोंबी चोचीने कापतो, एका पायात धरतो, तिच्यातील चार-दोन दाणे सोलून खातो आणि उरलेली लोंबी टाकून दुसरीकडे वळतो. तो जेवढे खातो त्याहून कितीतरी अधिक वाया घालवितो, ही शेतकऱ्याची तक्रार जुनी आहे आणि खरीही आहे. ज्याच्या घरी पाळीव पोपट आहे त्याने मात्र या उधळेपणाकडे निराळ्या दृष्टीने पाहावयास हवे. लोंबी निवडणे, कापणे, धरणे, दाणा जिभेवर फिरवून त्याचे तूस काढणे, न आवडलेला दाणा थुंकून देणे, या सर्व क्रियांत पक्ष्याचे डोळे, चोच, पाय आणि मेंदू एकाच वेळी गुंतलेले असतात.

रानातल्या पोपटाचा दिवस अशाच कामांनी भरलेला असतो. पहाटे तो रात्रीच्या निवाऱ्यावरून थव्यासह निघतो. कोणत्या झाडाची फळे केव्हा पिकतात, हे त्याला लक्षात ठेवावे लागते. शिकऱ्याची चाहूल कोणत्याही क्षणी लागू शकते, म्हणून त्याचे एक लक्ष आकाशाकडे असते. दुपारी तो दाट पानांच्या सावलीत बसून साली कुरतडतो, स्वतःची आणि जोडीदाराची पिसे साफ करतो. सायंकाळी पुन्हा चरणे, आणि काळोख पडण्यापूर्वी शेकडो सोबत्यांच्या गलबल्यात जागेसाठी भांडण. प्वेर्तो रिको बेटावरील ॲमेझॉन जातीच्या पोपटांचे निरीक्षण करणाऱ्यांना असे आढळले की, ते दिवसाचे चार ते सहा तास केवळ अन्न शोधण्यात व खाण्यात घालवितात. पिंजऱ्यातील ॲमेझॉन पोपटास तयार गोळीखाद्य वाटीत मिळाले तर त्याचे हेच काम तासाभराच्या आतबाहेर आटोपते.

उरलेल्या वेळाचे त्याने काय करावे? पाळीव पोपटाच्या संगोपनातील बहुतेक अडचणी या एका प्रश्नातून निघतात.

शुकसारिकांचे शिक्षण

आपल्याकडे या प्रश्नाचा विचार फार पूर्वीपासून झालेला दिसतो, परंतु तो एकाच अंगाने झाला. वात्स्यायनाच्या कामसूत्रात ज्या चौसष्ट कला गणल्या आहेत, त्यांत पोपट व साळुंकी यांना बोलावयास शिकविणे ही एक कला आहे. संस्कृतातील शुकसप्ततीमध्ये पोपट हाच कथेकरी आहे. मराठीत हा कथासंग्रह शुकबहात्तरी या नावाने परिचित झाला. तमिळ प्रदेशात पोपट देवतेच्या हातावर जाऊन बसला. मदुरेची मीनाक्षी आणि श्रीविल्लिपुत्तूरची आंडाळ या दोघींच्या मूर्तींशी तो निगडित आहे. मदुरेच्या देवळातील एका मंडपाला पोपटांच्या पिंजऱ्यांवरूनच नाव पडले. तेथे पूर्वी पोपट ठेवीत आणि त्यांना देवीचे नाव उच्चारावयास शिकवीत. आता ती प्रथा राहिलेली नाही. श्रीविल्लिपुत्तूरला आंडाळच्या हातातील पोपट रोज नवा, हिरव्या पानांचा बनवितात. त्यात कोणत्याही जिवंत पक्ष्याला कोंडावे लागत नाही.

तंजावरच्या रस्त्यांवर पोपटाचे जे रूप लोकांच्या अधिक परिचयाचे होते, ते किळि जोसियम म्हणजे पोपटाकरवी सांगितलेल्या भविष्याचे. महाराष्ट्रातही देवळांच्या आवारात व जत्रांत असे ज्योतिषी बसत. लहानशा लाकडी पेटीचे दार उघडते, पंख कातरलेला पोपट चालत बाहेर येतो, मांडलेल्या पाकिटांतून एक चोचीने ओढतो, मालकाच्या हाती देतो, एक दाणा घेतो आणि आपण होऊन पेटीत परततो. पाहणाऱ्यांना या कसरतीचे कौतुक वाटे. ते अगदीच अस्थानी नव्हते, कारण काम आणि मोबदला यांचा संबंध पक्ष्याने पक्का ओळखलेला असतो. परंतु एवढ्या बुद्धीच्या प्राण्याकडून जन्मभर ही एकच हालचाल करून घेणे, आणि दोन हालचालींच्या मध्ये त्याला धड वळताही येणार नाही अशा पेटीत ठेवणे, याला शिक्षण म्हणता येणार नाही.

भविष्य सांगणाऱ्या कुरवंजीला तंजावरच्या दरबारात एक निराळे काम मिळाले होते, त्याचा येथे जाता जाता उल्लेख करावासा वाटतो. व्यंकोजी भोसल्यांनी १६७६ च्या सुमारास येथे मराठी राज्य स्थापिले; ते १८५५ पर्यंत टिकले. त्या घराण्यातील सरफोजी राजे दुसरे (कारकीर्द १७९८ ते १८३२) हे अनेक विद्यांचे भोक्ते होते. वैद्यक, संगीत, ग्रंथसंग्रह यांच्या जोडीला त्यांना पशुपक्ष्यांचीही आवड होती. आपल्या चित्रकारांकडून त्यांनी पशुपक्ष्यांची हुबेहूब चित्रे काढवून घेतली आणि त्यांपैकी काही आज लंडनमध्ये जतन केलेली आहेत. त्यांनी देवेंद्र कुरवंजी या नावाचे एक मराठी नाटक लिहिले. त्यात भविष्यवादिनीच्या तोंडी पृथ्वीवरील देशांचे वर्णन घालून त्यांनी भूगोलाचा पाठ रंगभूमीवर आणला. ज्ञान आणि करमणूक ही एकाच पात्रातून देता येतात, हे त्या राजाला नेमके उमगले होते. पोपटाच्या बाबतीतही हेच धोरण उपयोगी पडते, हे पुढे दिसून येईल.

कोणता पोपट पाळता येतो

पुढे जाण्यापूर्वी कायद्याची बाजू स्पष्ट केली पाहिजे. लाल चोचीचा आणि गळ्यात गुलाबी वलय असलेला राघू, त्याहून मोठा करण पोपट, जांभळट डोक्याचा तुईया, हे सर्व भारतीय रानपक्षी आहेत. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमाने त्यांना संरक्षण दिले आहे आणि १९९०-९१ पासून भारतीय रानपक्ष्यांच्या व्यापारावर बंदी आहे. त्यांना पकडणे, विकणे, विकत घेणे अथवा घरी पिंजऱ्यात ठेवणे हा गुन्हा होतो. एप्रिल २०२४ मध्ये तमिळनाडूच्या कडलूर जिल्ह्यात वनखात्याने एका पोपटवाल्या ज्योतिषावर याच कारणासाठी कारवाई करून त्याचे पोपट ताब्यात घेतले होते. तरीही पिल्ले घरट्यांतून काढून विकली जातातच. ढोलीतून ओढून काढलेल्या अशा पिल्लांपैकी पुष्कळशी बाजारापर्यंत पोहोचण्याआधीच मरतात. जखमी अथवा घरट्यातून पडलेला राघू सापडल्यास तो वनखात्याच्या स्वाधीन करणे हाच योग्य मार्ग होय.

म्हणून यापुढील विवेचन परदेशी कुळातील आणि पिंजऱ्यात जन्मलेल्या पोपटांना उद्देशून आहे. ऑस्ट्रेलियातील बजरीगर व कॉकाटील, आफ्रिकेतील लव्हबर्ड आणि आफ्रिकी राखी पोपट, हे आपल्याकडे विशेष आढळतात. राखी पोपटाचा समावेश २०१७ च्या आरंभापासून साइट्स या आंतरराष्ट्रीय कराराच्या पहिल्या परिशिष्टात झालेला आहे. रानातून धरलेल्या राखी पोपटांचा आंतरराष्ट्रीय व्यापार त्यामुळे थांबविण्यात आला. अशा परिशिष्टांतील जिवंत प्राणी ज्यांच्यापाशी आहेत त्यांनी त्यांची शासनाकडे नोंद केली पाहिजे, असे भारतातील २०२४ चे नियम सांगतात. विक्रेत्याकडून पक्षी घेताना त्याची कागदपत्रे मागणे हा मालकाचा हक्क आहे आणि कर्तव्यही आहे.

पोपटाची बुद्धी

पोपट केवळ ऐकलेले शब्द परत उच्चारतो, त्यांचा अर्थ त्याला कळत नाही, अशी समजूत फार काळ होती. पोपटपंची हा शब्दच तिची साक्ष देतो. या समजुतीला मोठा धक्का दिला तो ॲलेक्स नावाच्या एका राखी पोपटाने. आयरीन पेपरबर्ग या संशोधिकेने १९७७ मध्ये तो शिकागोच्या एका दुकानातून सामान्य पक्षी म्हणून विकत घेतला. पुढील तीस वर्षांत ॲलेक्स सुमारे पन्नास वस्तूंची नावे, सात रंग आणि पाच आकार सांगू लागला. सहापर्यंतच्या संख्या तो ओळखी. दोन वस्तू पुढे केल्या असता त्यांच्यात काय सारखे आहे व काय वेगळे आहे, हे तो सांगे. काहीच वेगळे नसेल तर तसेही सांगे. २००७ मध्ये वयाच्या एकतिसाव्या वर्षी तो वारला.

ॲलेक्सला शिकविण्याची पद्धत मालकांनी लक्षपूर्वक समजून घ्यावी अशी आहे. पोपटाला समोर बसवून एखादा शब्द शंभर वेळा घोकून घेणे, ही आपल्याकडील रूढ रीत. पेपरबर्ग यांच्या पद्धतीत पोपटासमोर दोन माणसे बसत. एक जण दुसऱ्याला वस्तू दाखवून तिचे नाव विचारी. उत्तर बरोबर आले तर ती वस्तूच त्याला हाताळावयास मिळे. चुकले तर ती दूर ठेवली जाई. मग दोघे आपापल्या भूमिका बदलीत. पोपट हे सर्व पाहत असे आणि त्या स्पर्धेत उतरण्याची त्याला इच्छा होई. लाकडाचा तुकडा ओळखल्याचे बक्षीस म्हणजे लाकडाचा तुकडाच. त्यामुळे शब्द आणि वस्तू यांची गाठ पोपटाच्या मनात घट्ट बसे. आणखी एक गोष्ट या प्रयोगांत वारंवार दिसली. तोच तोच प्रश्न पुन्हा विचारला की ॲलेक्सला कंटाळा येई. मग तो जाणूनबुजून चुकीची उत्तरे देई किंवा आपल्याला परत जाऊ द्यावे अशी मागणी करी. कंटाळा ही मंदबुद्धीची खूण नव्हे, हे त्यावरून कळते.

इतर जातींच्या पोपटांवरील प्रयोगही तितकेच बोलके आहेत. व्हिएन्ना येथील संशोधकांनी २०१३ मध्ये गॉफिन जातीच्या काकाकुव्यांपुढे एकामागून एक उघडावी लागणारी पाच निरनिराळी कुलुपे ठेवली आणि ती उघडून काजू मिळविण्यात त्या पक्ष्यांना यश आले. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात राखी पोपटांनी अन्नाच्या बदल्यात देण्याची चकती शेजारच्या पिंजऱ्यातील सोबत्याला आपण होऊन पुरविली. त्यात त्यांचा स्वतःचा काहीच लाभ नव्हता. वाटीत फुकट ठेवलेले अन्न सोडून, थोडे कष्ट करून मिळणारे तेच अन्न पसंत करण्याची प्रवृत्तीही पोपटांत नोंदविली गेली आहे.

पिसे उपटणारा पक्षी

बुद्धीला काम न मिळाल्याचे परिणाम डोळ्यांना दिसतात. पक्षी दांडीवर एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत तासन्‌तास येरझारा घालतो. एकाच ठिकाणी मान गोल फिरवीत राहतो. विनाकारण किंचाळतो, पूर्वी लळा असलेल्या माणसाला चावतो. सर्वांत वाईट म्हणजे तो स्वतःची पिसे उपटू लागतो. छाती उघडी पडते, कधी कधी कातडीलाही इजा होते. फक्त डोके तेवढे पिसांनी झाकलेले राहते, कारण तेथे त्याची चोच पोहोचत नाही.

कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस येथील शाखेत या विकाराचा पद्धतशीर अभ्यास झाला. तरुण ॲमेझॉन पोपटांच्या एका गटाला नेहमीचे ओके पिंजरे दिले. दुसऱ्या गटाच्या पिंजऱ्यांत अन्न शोधावे लागेल अशा युक्त्या आणि चढण्या-कुरतडण्याच्या वस्तू ठेवून त्या वेळोवेळी बदलल्या. पहिल्या गटातील पक्ष्यांची पिसे हळूहळू विरळ झाली, दुसऱ्या गटातील पक्ष्यांची चांगली राहिली. पुढे पहिल्या गटालाही तशाच सोयी मिळाल्यावर त्या पक्ष्यांची स्थिती सुधारली. २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या निष्कर्षांचा अर्थ असा की, करमणूक ही पोपटाच्या बाबतीत चैनीची बाब राहत नाही. तिची गणना दाणापाण्याच्या बरोबरीने करावी लागते.

अर्थात पिसे उपटणारा प्रत्येक पक्षी कंटाळलेलाच असतो असे नाही. त्वचेचे रोग, यकृताचे विकार, आहारातील अ जीवनसत्त्वाची उणीव, जस्ताची अथवा शिशाची विषबाधा, यांचीही तीच लक्षणे असतात. केवळ सूर्यफुलाच्या बियांवर वाढविलेल्या पक्ष्यांत अशी उणीव नेहमी आढळते. म्हणून आधी पशुवैद्याकडून तपासणी आणि मग पिंजऱ्यातील सुधारणा, हा क्रम पाळावा. तंजावर जिल्ह्यात ओरत्तनाडू येथे शासकीय पशुवैद्यक महाविद्यालय आहे. सरफोजी राजांनी मुक्तांबेच्या नावे बांधलेले प्रसिद्ध छत्रही याच गावी आहे.

घरच्या घरी काय करावे

परदेशी बाजारात पोपटांसाठी महागडी खेळणी मिळतात. कावेरीकाठच्या घराला त्यांची गरज क्वचितच पडावी. ताडाचे पान, नारळाची करवंटी, केळीचे सोपट, मक्याचे कणीस, कडुनिंबाची डहाळी, पेरूची फांदी, बांबूचा तुकडा, या वस्तू येथे परसात किंवा आठवड्याच्या बाजारात सहज मिळतात, आणि पोपटाला त्या विकतच्या खेळण्यांहून अधिक आवडतात, कारण त्या फाडता येतात. फाडणे हा पोपटाचा मुख्य खेळ आहे. खेळणे टिकले नाही म्हणून खंत करणाऱ्या मालकाला पोपटाचा स्वभाव कळलेला नसतो.

आरंभ सोप्यापासून करावा. नेहमीच्या दाण्यांचा थोडा भाग वाळलेल्या केळीच्या पानात सैल गुंडाळून पिंजऱ्याच्या गजांना अडकवावा. पान ओढताच दाणे दिसले पाहिजेत, नाहीतर पक्षी निराश होऊन नाद सोडतो. ही युक्ती साधली की पुडी किंचित घट्ट बांधावी. पुढे ताडपत्राच्या लहान डबीत बिनखारे शेंगदाणे ठेवून डबी बंद करावी. त्यानंतर करवंटीला भोक पाडून तीत भिजवलेले हरभरे व पानांचा चोळामोळा भरावा आणि ती टांगून ठेवावी, म्हणजे पक्ष्याला झुलत्या वस्तूवर तोल सांभाळून काम करावे लागेल. शेवग्याची शेंग कापून न देता अखंड टांगावी. मिरची द्यावयास हरकत नाही. तिचा तिखटपणा ज्या द्रव्यामुळे सस्तन प्राण्यांना झोंबतो, ते पक्ष्यांच्या मज्जातंतूंना तसे जाणवत नाही. त्यामुळे पोपटाला मिरची खाताना पाहून वाटणारे आश्चर्य अनाठायी आहे. दिवसाचे सर्व अन्न मात्र लपवू नये. काही भाग नेहमीच्या वाटीत, नेहमीच्या वेळी असावा, आणि पक्षी पुरेसे खातो आहे किंवा नाही हे लहान तराजूवर त्याचे वजन करून पाहत जावे.

नवी वस्तू एकदम पिंजऱ्यात घालणे चुकीचे आहे. पोपट जितका जिज्ञासू तितकाच भित्रा असतो. विशेषतः राखी पोपट अनोळखी वस्तू पाहून दिवसभर एका कोपऱ्यात अंग चोरून बसेल. ती वस्तू प्रथम खोलीच्या दुसऱ्या टोकाला ठेवावी आणि दररोज थोडी जवळ आणावी. घरातील माणसांनी त्याच्यादेखत ती हाताळून तिच्याशी खेळावे. ज्यात माणसांना रस आहे त्यात पोपटालाही रस वाटू लागतो. चार-पाच वस्तू आलटून पालटून वापराव्यात. आठ दिवस नजरेआड असलेले जुने खेळणे पुन्हा नवे होते.

काही वस्तू मात्र कटाक्षाने दूर ठेवाव्यात. तंजावरची मान डोलविणारी बाहुली पाहून पोपट हरखेल, परंतु तिच्यावरील रंग आणि लगदा त्याच्या पोटात जाणे बरे नाही. तिने फळीवरच डोलत राहावे. देवपूजेसाठी परसात लावलेली कण्हेर विषारी आहे, तिची फांदी दांडी म्हणून कधीही वापरू नये. जस्ताचा मुलामा दिलेली तार व साखळी टाळावी. काथ्याच्या किंवा सुताच्या दोरीचे सुटे धागे बोटांभोवती आवळतात. एकट्या पक्ष्याला आरसा दिल्यास तो प्रतिबिंबालाच जोडीदार समजून माणसांपासून दूर जातो. स्वयंपाकघरात न चिकटणारा तवा फार तापला तर त्याच्या लेपातून निघणाऱ्या वायूने पक्षी काही मिनिटांत मरू शकतो. धूप, उदबत्ती व कापूर यांचा धूरही त्याच्या फुप्फुसांना सोसत नाही. कुंभकोणमची कॉफी या भागात पाहुण्याला पहिल्यांदा पुढे केली जाते. पोपटाला ती चमचाभरही देऊ नये. तीच गोष्ट चॉकलेट, कांदा, खारवलेले पदार्थ आणि ॲव्होकाडो यांची. पक्षी बाहेर सोडण्यापूर्वी छताचा पंखा बंद करावा, खिडक्या लावाव्यात आणि पाण्याची उघडी भांडी झाकावीत.

पिंजऱ्याबाहेर रोज दोन-तीन तास घालविणे मोठ्या पोपटाला आवश्यक असते. याच वेळात त्याला शिकवावे. पाठ पाच मिनिटांहून मोठा नसावा. दिवसातून दोन-तीन वेळा पुरे. पहिला पाठ म्हणजे एका काडीच्या टोकाला चोच लावणे. चोच लागताच शाबासकीचा एक ठरावीक शब्द उच्चारावा आणि आवडता दाणा द्यावा. ही काडी समजली की तिच्या मागोमाग पक्षी हातावर येतो, तराजूवर चढतो, पिंजऱ्यात परततो, आणि ओढाताण करावी लागत नाही. त्यानंतर दोन रंगांच्या चकत्यांतून एक निवडणे, निरनिराळ्या आकाराचे लाकडी तुकडे त्या त्या भोकात बसविणे, वाटीखाली लपविलेला दाणा शोधणे, अशी चढती भाजणी ठेवावी. पक्षी मान वळवू लागला, पिसे फुलवून डोळ्यांच्या बाहुल्या लहानमोठ्या करू लागला किंवा दूर जाऊ लागला तर पाठ तेथेच थांबवावा. उपाशी ठेवून शिकविणे, चोचीवर टिचकी मारणे, पिंजऱ्यावर थापा देणे, यांनी पक्षी शिकत नाही, फक्त हाताला भिऊ लागतो. तो किंचाळला असता त्याच्यावर ओरडणे हेही व्यर्थच, कारण आपल्या हाकेला उत्तर मिळाले असे तो समजतो. थव्यातील पक्षी एकमेकांना दृष्टीआड झाले की साद घालतात. घरातील माणसाने दुसऱ्या खोलीत जाताना एक ठरावीक शीळ घालावी आणि पक्ष्याने त्याच शीळेने हाक दिली तर तिला प्रत्युत्तर द्यावे. थोड्याच दिवसांत किंचाळण्याची जागा शीळ घेते.

तंजावर ही संगीताची नगरी आहे आणि तिरुवैयारू येथे त्यागराजांच्या आराधनेचा सोहळा दरवर्षी जवळच भरतो. ज्या घरात वीणेचा अथवा मृदंगाचा रियाज चालतो, तेथील पोपटाला एक अनायास लाभ होतो. स्नोबॉल नावाच्या एका काकाकुव्यावर २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात असे दिसून आले की, गाण्याची लय जलद किंवा संथ केली असता तो आपल्या हालचालीही तिच्याशी जुळवून घेतो. रियाजाच्या वेळी पिंजरा त्याच खोलीत ठेवावा. रेडिओ दिवसभर लावून ठेवणे ही मात्र सोबत नव्हे. आवाजाला उत्तर देणारे कोणी नसेल तर पोपटाला तो भिंतीसारखाच. २०२३ मध्ये अमेरिकेत व स्कॉटलंडमध्ये काम करणाऱ्या संशोधकांनी अठरा पाळीव पोपटांना घंटा वाजवून, पडद्यावरील चित्रांतून सोबती निवडून त्याच्याशी दूरचित्रसंभाषण करावयास शिकविले. पोपटांनी त्या सोयीचा उत्साहाने उपयोग केला, पुष्कळांनी आपापले मित्रही ठरविले. तथापि प्रत्येक वेळी मालक शेजारी बसून पक्ष्याच्या मनःस्थितीकडे लक्ष देत होते. हे श्रम टाळून केवळ पडदा पुढे ठेवल्यास तोच परिणाम मिळेल असे समजू नये. बजरीगर, कॉकाटील व लव्हबर्ड यांच्या बाबतीत प्रश्न सोपा आहे: ते जोडीने किंवा लहान थव्याने ठेवावेत.

मे महिन्यात तंजावरचा पारा अडतीस अंशांच्या आसपास जातो. अशा दिवसांत सकाळी सातच्या आत आणि सायंकाळी उन्हे कलल्यावरच पाठ व खेळ घ्यावेत. दुपारी पिंजरा सावलीत, वाऱ्याच्या पण झोताबाहेरच्या जागी ठेवून बारीक तुषारांनी पक्ष्याला न्हाऊ घालावे. ओल्या पानांत अंग घासणे बहुतेकांना आवडते. रात्री दहा ते बारा तास काळोख व शांतता मिळालीच पाहिजे. दिवाणखान्यात उशिरापर्यंत दूरदर्शन चालत असेल तर निजण्यासाठी निराळ्या खोलीत दुसरा लहान पिंजरा ठेवणे सोयीचे पडते.

बजरीगर पाच ते दहा वर्षे जगतो, कॉकाटील पंधरा-वीस वर्षे. राखी पोपट चाळीस ते साठ वर्षे जगू शकतो. पन्नाशीतील गृहस्थाने हौसेने घेतलेला पक्षी त्याच्या मागे राहणार, हे जवळजवळ निश्चित असते. एकाच माणसाच्या हातून दाणा घेणारा पोपट त्या माणसाच्या आजारपणात अन्न सोडून देतो. म्हणून पहिल्या दिवसापासून घरातील निदान दोघांनी, त्यांपैकी एकाने तरी तरुण असावे, त्याला खाऊ घालावे, त्याचे पाठ घ्यावेत आणि त्याची शीळ शिकून घ्यावी. पक्ष्याची नोंदणीची कागदपत्रे, त्याच्या वजनाची वही आणि त्याला येत असलेल्या शब्दांची यादी एकाच ठिकाणी ठेवावी, म्हणजे पुढे ज्याच्याकडे तो जाईल त्याला पक्ष्याशी कोणत्या शब्दांत बोलावे हे ठाऊक असेल.